बडोदा कोणत्या गटात?

स्पर्धेची कल्पना माझी नव्हे, माझ्या रूममेटची. ती कोल्हापूरची, मंगळवार पेठेतली. तिच्या लेखी खेळ म्हणजे फुटबॉल आणि फुटबॉल म्हणजे पाटाकडील तालीम. शाहू स्टेडियमवर शिवाजी तरुण मंडळाशी मॅच असली की घरी स्वयंपाक लवकर उरकायचा, हे तिला लहानपणापासून पाठ. क्रिकेटला ती ‘उन्हात उभं राहण्याची शिक्षा’ म्हणते. तर डिसेंबरात एका रात्री मेसमधून वर येताना तिने जिन्यातच विषय काढला. स्कॉटलंड, वेल्स आणि दोन्ही आयर्लंड या चौघांनी इंग्लंडला बाजूला ठेवून एकदा आपापसात फुटबॉलची स्पर्धा भरवली होती म्हणे. सगळे शेजारी, केल्टिक वारसा सांगणारे, एकमेकांचे पाहुणे लागणारे. तसं काहीतरी आपल्याकडे का होऊ नये?

‘आपल्याकडे म्हणजे कुठे?’ मी विचारलं.

‘आपल्याकडे म्हणजे आपल्याकडे. तुमचं ते रणजी.’

तिने सांगितलेलं आणि मी नंतर शोधलेलं, दोन्ही मिळून गोष्ट अशी. ब्रिटनचे चार फुटबॉल संघ फार पूर्वीपासून वेगळे आहेत. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्यात १८७२ साली ग्लासगोत पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तोही गोलशून्य. पुढे १८८३-८४ पासून इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड यांची दरवर्षी स्पर्धा सुरू झाली. महायुद्धांचे खंड सोडले तर ती शंभर वर्षं चालली आणि १९८४ साली संपली. इंग्लंड आणि स्कॉटलंडला शेजाऱ्यांशी खेळण्यात रस उरला नव्हता, त्यांना मोठे पाहुणे हवे होते. शेवटच्या वर्षी जिंकलं कोण, तर उत्तर आयर्लंड. मग ‘शेजाऱ्यांची स्पर्धा पुन्हा सुरू करा’ अशी चर्चा अधूनमधून होत राहिली आणि २०११ साली डब्लिनमध्ये ती झालीही, इंग्लंडशिवाय. आयर्लंडने स्कॉटलंडला एक गोलने हरवून चषक घेतला. पण वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या सामन्याला पन्नास हजारांच्या मैदानात सहाशेसुद्धा माणसं नव्हती. दोन वर्षांनी पुन्हा भरवायचं ठरलं होतं, ते राहूनच गेलं.

हे सहाशे प्रेक्षक लक्षात ठेवा. पुढे आमच्या बाबांच्या कामी येणार आहेत.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्र राज्यातून रणजीत तीन संघ खेळतात: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. गुजरात राज्यातूनही तीन: गुजरात, सौराष्ट्र आणि बडोदा. म्हणजे ‘महाराष्ट्र’ नावाचा संघ हा मुंबई आणि विदर्भ वगळून उरलेला महाराष्ट्र, आणि ‘गुजरात’ नावाचा संघ हा बडोदा नि सौराष्ट्र वगळून उरलेला गुजरात. परदेशी माणसाला हे समजावून सांगायला बसलात तर तो चहा न पिता उठेल. पण ब्रिटनवाल्याला कळेल. त्यांच्याकडे क्रिकेटमध्ये वेल्स इंग्लंडच्या संघातच मोडतो, फुटबॉलमध्ये वेगळा; आयर्लंड रग्बीत एक, फुटबॉलमध्ये दोन.

रूममेटने वहीचं पान फाडलं आणि मधोमध रेघ मारली. अ गट: मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. ब गट: गुजरात, सौराष्ट्र, बडोदा. अंतिम सामना १ मे रोजी, कारण दोन्ही राज्यांचा वाढदिवस एकच, १ मे १९६०. अ गटाचा विजेता विरुद्ध ब गटाचा विजेता. तिला ते इतकं आवडलं की तिने खाली सहीसुद्धा ठोकली.

शेजारच्या खोलीतली नागपूरची मुलगी चार्जर मागायला आली होती, ती कागद बघून थांबली. ‘आम्हाला विचारलं का कुणी?’ तिचा मुद्दा बरोबर होता. क्रिकेटच्या जुन्या वाटणीत विदर्भ पश्चिम विभागात नाहीच. तो मध्य विभागात, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य प्रदेश, रेल्वे यांच्याबरोबर. ‘आणि रणजी आम्ही तीनदा जिंकलोय. २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५. तुमचा तो महाराष्ट्र १९४०-४१ नंतर कधी जिंकला सांग?’ कोल्हापूरकडे याचं उत्तर नव्हतं, कारण नाहीच आहे. तिने फक्त ‘चार्जर घे आणि जा’ एवढं म्हटलं.

मग तिने माझ्याकडे कागद सरकवला. ‘तुझं बडोदा ब गटात. बरोबर ना?’

नकाशात बरोबर होतं. मी कागद दोनदा वाचला आणि ‘बघू’ म्हणाले. तो कागद वहीत ठेवून मी उत्तरायणाला घरी गेले.

घर म्हणजे वासणा. ज्यांनी बडोदा पाहिलं नाही त्यांच्यासाठी: जुन्या शहरातून विश्वामित्री ओलांडून पश्चिमेला अकोट्याच्या पुढे गेलात की वासणा रोड लागतो. आजोबांच्या तरुणपणी हे गावच होतं, शहराबाहेरचं. आता पुढे भायलीपर्यंत इमारती झाल्या. आमचं कुटुंब दांडिया बाजारातल्या भाड्याच्या वाड्यातून इथे फ्लॅटमध्ये आलं ते माझ्या जन्माच्या सुमारास. दांडिया बाजारात मराठी ऐकू यायला कान द्यावा लागत नसे. वासण्यात आमच्या मजल्यावर आम्ही एकटे मराठी. सोसायटीची नोटीस गुजरातीत लागते, गणपतीची वर्गणी मात्र सगळे देतात, आणि कॉमन प्लॉटमध्ये आठवीतला माझा भाऊ ज्या मुलांबरोबर खेळतो ती ‘बोल आप ने’ असं गुजरातीत ओरडतात, तोही तेच ओरडतो. घरी आल्यावर ‘आई, पाणी दे ने’. हा ‘ने’ पुण्याच्या आत्याला फार खटकतो. ती म्हणते, मुलाची भाषा बिघडली. आजी म्हणते, ही बडोद्याची मराठी आहे, बिघडायला ती तुझी कधी होती?

आमच्या घरात गेले तीन महिने एक वेगळा विषय शिजतोय. बाबांच्या कंपनीचं पुण्यात ऑफिस आहे आणि त्यांना तिकडे बदली देऊ केलीय. पगार थोडा जास्त, कंपनीचं घर, नातेवाईक जवळ. उत्तर मार्चअखेर द्यायचंय. आई नाशिकची, तिला बावीस वर्षांनी माहेरच्या राज्यात जायला आवडेल, पण ती तसं म्हणत नाही. आजी-आजोबा काहीच म्हणत नाहीत, आणि आमच्याकडे ते फार मोठं म्हणणं असतं. त्यामुळे मी उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवर, आजूबाजूला पतंग, फिरक्या आणि उंधियूचे डबे असताना तो कागद काढला, तेव्हा वाद स्पर्धेचा सुरू झाला आणि बराच वेळ स्पर्धेचाच आहे असं सगळ्यांनी मानून घेतलं.

आजोबांचं पहिलं वाक्य: ‘ही स्पर्धा आम्ही चाळीस वर्षं पाहिलीय. बंद करून टाकली.’ ते म्हणत होते ते खरं आहे. १९५७-५८ पासून रणजीचे सामने विभागवार साखळी पद्धतीने होऊ लागले. मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, सौराष्ट्र, बडोदा हे पाच पश्चिमेचे शेजारी दर हिवाळ्यात एकमेकांशी खेळत, मग त्यांतले वरचे पुढे जात. त्याच पहिल्या मोसमात दत्ताजीराव गायकवाडांच्या बडोद्याने रणजी जिंकली. आजोबा तेव्हा दहा वर्षांचे. २००२-०३ पासून ही पद्धत गेली आणि कामगिरीवर गट पडू लागले. आता बडोद्याच्या वाट्याला एखाद्या वर्षी शेजारी येतात, एखाद्या वर्षी दूरदूरची नावं. खेळाच्या दर्जाच्या दृष्टीने हे बरंच असेल. पण आजोबांचं गणित दर्जाचं नव्हतं. ‘दर वर्षी एक पुण्याची टीम यायची ने. त्यांच्यात कुणीतरी कुणाचा तरी मेहुणा निघायचा. रात्री घरी जेवायला. सकाळी त्यालाच आउट करायला ओरडायचं.’

समोरच्या फ्लॅटमधले काका जामनगरचे. बडोद्यात तीस वर्षं नोकरी करूनही ते सौराष्ट्रवाले. ‘अमारुं सौराष्ट्र’ म्हटलं की त्यांचा आवाज अर्धा इंच वर जातो, आणि त्याला आधारही आहे. रणजीचं नावच ज्यांच्यावरून पडलं ते रणजितसिंह नवानगरचे, म्हणजे जामनगरचे जामसाहेब. नवानगरने १९३६-३७ साली चषक जिंकला, वेस्टर्न इंडियाने १९४३-४४ साली, आणि आताच्या सौराष्ट्राने २०१९-२० आणि २०२२-२३ साली, दोन्ही वेळा बंगालला हरवून. काकांचा स्पर्धेला पूर्ण पाठिंबा. अट एकच, अंतिम सामना राजकोटला.

आजोबांनी त्यांना निंबाळकरांची आठवण करून दिली. हा प्रसंग आमच्या गच्चीवर दर उत्तरायणाला निघतो, तिळगुळासारखा. डिसेंबर १९४८, पुणे. महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठेवाडविरुद्ध ४४३ वर नाबाद. ब्रॅडमनचा तेव्हाचा जागतिक विक्रम ४५२, म्हणजे दहा धावा काढल्या की विक्रम मोडला. तेवढ्यात काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, म्हणाले की पुरे झालं, आमचा संघ विक्रमाच्या पुस्तकात असा नको. आणि सामना सोडून संघ घेऊन निघून गेले. निंबाळकर ४४३ वरच राहिले.

काका दर वर्षी यावर तेच उत्तर देतात: ‘महेमान थईने गया हता, केटलुं मारे?’ पाहुणे म्हणून गेलो होतो, किती मारायचं त्याने? आणि दर वर्षी सगळे हसतात. मला या वर्षी वाटलं की दोन शेजाऱ्यांमध्ये पंचाहत्तर वर्षं टिकलेला आणि कुणाला न बोचणारा असा एक विनोद असणं, ही काही साधी कमाई नाही.

बाबा मात्र विरोधात. त्यांचं म्हणणं त्यांनी फिरकी धरून, आभाळाकडे बघत सांगितलं, म्हणून आणखीच थंड वाटलं. एक, प्रेक्षक येणार नाहीत. डब्लिनचे सहाशे मीच त्यांना सांगितले होते, ते त्यांनी लगेच वापरले. कोटंबीचं नवं स्टेडियम शहरापासून केवढं लांब. रणजीच्या मॅचला तिथे जातं कोण? दोन, प्रेक्षक यायला हवे असतील तर त्यांना ओरडायला काहीतरी द्यावं लागेल, आणि ते काय द्याल ते या कागदावरच लिहिलंय. बाबांनी रूममेटच्या रेघेवर बोट ठेवलं. ‘एकीकडे महाराष्ट्र, एकीकडे गुजरात. मैदान भरेल. मग आपण कुठे बसायचं, ते तूच सांग.’

याला उत्तर द्यायला मी इतिहासात गेले, कारण हा वाद आपल्याकडे एकदा फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेलाय, तोही मुंबईत, आपल्या कॉलेजपासून फार लांब नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईत युरोपियन आणि पारशी यांचे सामने सुरू झाले. १९०७ साली त्यात हिंदू संघ आला, १९१२ साली मुसलमान संघ, आणि १९३७ साली पाचवा संघ आला त्याचं नाव ‘द रेस्ट’, म्हणजे बाकीचे. भारतीय ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू, सिलोनचे असे सगळे या ‘बाकीच्यां’त. या पंचरंगी सामन्यांना मैदानं ओसंडून वाहायची. रणजीला तेव्हा एवढी गर्दी कधी झाली नाही. आणि याच स्पर्धेला १९४० च्या डिसेंबरात गांधीजींनी जाहीर विरोध केला: खेळाचे संघ धर्मावर पाडू नका. बाजू दोन्हीकडे होत्या. कुणी म्हणत होतं की हे सामने होतात म्हणून तर लोक एकमेकांना ओळखतात. कुणी म्हणत होतं की ओळखतात ते शत्रू म्हणून. स्पर्धा १९४६ पर्यंत रेटली आणि मग थांबली.

म्हणजे बाबांची शंका पोकळ नव्हती. डब्लिनमध्ये रेषा पुसट होती, मैदान रिकामं राहिलं. मुंबईत रेषा ठळक होती, मैदान भरलं. (केल्टिकपणाची रेषासुद्धा वाटते तेवढी सरळ नाही, उत्तर आयर्लंडमध्ये हा शब्द सगळ्यांनाच आपला वाटतो असं नाही.)

पण त्याच पंचरंगी स्पर्धेत विजय हजारे होते, आणि बडोद्याच्या घरात हजाऱ्यांचं नाव निघालं की बाबासुद्धा फिरकी खाली ठेवतात.

हजारे सांगलीचे. मराठी ख्रिस्ती कुटुंबातले, म्हणून पंचरंगीत ते ‘बाकीच्यां’कडून खेळत. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदू संघाने ५८१ केले, त्यात विजय मर्चंट नाबाद २५०. ‘बाकीचे’ १३३ वर गारद. फॉलोऑन मिळाल्यावर दुसऱ्या डावात संघाच्या एकूण धावा ३८७, त्यांतल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. त्यांचा भाऊ विवेक त्यांच्याबरोबर तीनशे धावांच्या भागीदारीत उभा राहिला आणि त्या भागीदारीत विवेकच्या धावा २१. सामना एका डावाने हरले, पण ती खेळी मात्र त्यांच्या विरुद्ध बसलेल्या लोकांनीही जन्मभर सांगितली.

आमच्या वादाला लागू होणारी गोष्ट त्याच्या आधीची आहे. १९३९-४० साली पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध बडोदा असा रणजी सामना झाला. त्यात महाराष्ट्राकडून हजाऱ्यांनी नाबाद ३१६ केल्या, भारतीय फलंदाजाचं पहिलं त्रिशतक. कुणाविरुद्ध? आमच्याविरुद्ध. आणि दोन-तीन वर्षांत हजारे बडोद्याचे झाले. मग मार्च १९४७ मध्ये बडोद्यात रणजीचा अंतिम सामना झाला, होळकरांच्या इंदूरविरुद्ध. होळकर २०२. बडोदा ३ बाद ९१. तिथून हजारे आणि गुल महंमद यांनी ५७७ धावांची भागीदारी केली. गुल महंमद ३१९, हजारे २८८. कुठल्याही विकेटसाठी प्रथम श्रेणीतली ती जगातली सर्वांत मोठी भागीदारी होती, आणि २००६ साली जयवर्धने-संगकारांनी ६२४ करेपर्यंत एकोणसाठ वर्षं तशीच राहिली. माझे पणजोबा कचेरीतून रजा न घेता दोन दिवस तिथे बसले होते, असं घरात सांगतात. घरात सांगतात म्हणजे बहुधा एक दिवस असेल.

पाच महिन्यांनी फाळणी झाली. गुल महंमद लाहोरचे. भारतासाठी आठ कसोटी खेळून ते पुढे पाकिस्तानात गेले आणि १९५६ साली कराचीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध पाकिस्तानकडूनही एक कसोटी खेळले. हजारे बडोद्यातच राहिले आणि २००४ साली बडोद्यातच गेले. आजोबांनी त्यांना बाजारात पिशवी घेऊन चालताना पाहिलंय आणि ते त्यांना पुरेसं आहे.

आता सांगा, त्या ५७७ धावा कोणत्या गटात घालायच्या? एक सांगलीचा मराठी ख्रिस्ती, एक लाहोरचा मुसलमान, संघ गायकवाडांच्या संस्थानाचा, आणि गाव आज गुजरात राज्यात. बडोदा संघाचं हे असंच आहे. ज्या संस्थानाचा तो संघ होता ते १ मे १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं (१ मेची सवय आम्हाला गुजरात-महाराष्ट्राच्या आधीची आहे). राज्य गेलं, अमरेली-ओखा-मेहसाणा जिकडच्या तिकडे गेले, संघ राहिला. पाच वेळा रणजी जिंकला, त्यांतली शेवटची २०००-०१ ची, जेकब मार्टिनच्या नेतृत्वाखाली, शहरातच, रेल्वेला हरवून. ती बाबांनी पाहिलीय. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने लोढा समितीची ‘एक राज्य, एक मत’ ही शिफारस मान्य केली तेव्हा क्रिकेट मंडळात गुजरात राज्याचं एकच मत उरणार होतं, आणि ते तिघांनी आळीपाळीने वापरायचं होतं. महाराष्ट्राच्या तिघांचंही तेच. ऑगस्ट २०१८ मध्ये न्यायालयाने तो भाग बदलला आणि सहाही संघटनांना त्यांचं मत परत मिळालं. एक राज्य एक मत हे ऐकायला न्याय्य वाटतं, आणि ज्या राज्यांना मतच नव्हतं त्यांच्या बाजूने ते न्याय्य होतंही. पण नकाशाच्या रेघा आणि माणसांनी ज्याला आपलं म्हटलं त्याच्या रेघा एकमेकांवर बसत नाहीत, हे बडोद्याला आणि नागपूरला कळण्यासाठी न्यायालयात जावं लागत नाही.

मी गच्चीवर एवढं सगळं सलग बोलले नाही. मध्ये दोन पतंग कापले गेले आणि काकूंनी जलेबी फिरवली. पण माझं मत मी मांडलं. स्पर्धा हवी. सहाही संघांची हवी, विदर्भालाही आग्रहाने बोलवावं. गट नकोत. सहा संघ, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना, पंधरा सामने. मुंबईला सौराष्ट्र भेटू दे, नागपूरला बडोदा भेटू दे. मधली रेघ पुसली की मराठी विरुद्ध गुजराती असा अंतिम सामना ठरवून होणार नाही. झालाच तर खेळून होईल. आणि मैदानं पहिल्या वर्षी रिकामी राहिली तर राहू देत. विभागीय साखळी सुरू झाली तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात कुणाचा मेहुणा जेवायला आला नसेल.

बाबा म्हणाले, ‘पैसे कोण घालणार?’ याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि खरं तर इंग्लंड-स्कॉटलंडवाल्यांनी शंभर वर्षांची स्पर्धा बंद केली तीही याच प्रश्नाच्या आसपास. मोठ्या पाहुण्यांकडून पैसा येतो, शेजाऱ्यांकडून वाटीभर साखर येते. बाबांचा हा मुद्दा मला आजही खोडता येत नाही.

आई तोपर्यंत गप्प होती. ती म्हणाली, ‘मी वीस वर्षं अ गटात होते आणि बावीस वर्षं ब गटात आहे. मला कुणी विचारलं नाही ते बरं झालं.’ सगळे हसले, आणि मग एकदम शांत झाले, कारण आता विषय पुण्याचाच आहे हे लपवण्याजोगं राहिलं नव्हतं.

भावाने तो सरळ काढला. ‘आपण पुण्याला गेलो तर मी महाराष्ट्राकडून खेळायचं?’ तो ऑफस्पिन टाकतो. सोसायटीबाहेर अजून कुणी त्याची दखल घेतलेली नाही, पण चौदाव्या वर्षी हा प्रश्न खराच असतो.

‘राहशील तिकडून खेळशील,’ बाबा म्हणाले.

‘आणि बडोद्याविरुद्ध मॅच आली तर?’

बाबांनी आजोबांकडे पाहिलं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच त्यांनी या विषयावर आजोबांकडे असं उघड पाहिलं असेल. आजोबा फिरकी गुंडाळत होते. ‘हजारे खेळले ने,’ ते म्हणाले. ‘तीनशे सोळा. टाक तू पण, जोरात टाक.’ मग थोड्या वेळाने, ‘मी मात्र बडोद्याच्या बाजूला बसणार. जायला-यायला कुणीतरी सोबत लागेल.’

आजी म्हणाली, ‘म्हणजे हे येणार नाहीत पुण्याला.’

हे आमच्या घरात आजवर कुणी मोठ्याने म्हटलं नव्हतं. आजोबांनी नाही म्हटलं नाही. बाबांनीही पुढे काही विचारलं नाही. त्यांनी फक्त भावाच्या हातातून मांजा घेतला आणि गुंता सोडवत बसले. समोरच्या काकांनी, बहुधा शांतता मोडायला, पुन्हा एकदा अंतिम सामना राजकोटला ठेवण्याचा आग्रह धरला.

दुसऱ्या दिवशी, वासी उत्तरायणाला, आम्ही सगळे सेवउसळ खायला गेलो. नाव मराठी, गिऱ्हाईक गुजराती, आणि वर टाकायचा तर्री रस्सा कुणाच्याच पोटाचा विचार न करणारा. पुण्याच्या आत्याला एकदा ती मिसळ वाटली होती. आजोबांनी तिला तेव्हा ऐकवलं होतं ते मी इथे लिहीत नाही.

मी परत आले तेव्हा रूममेटला सांगितलं की तुझी रेघ बडोद्याने नामंजूर केलीय. तिने थोडी भांडाभांडी केली. कोल्हापुरात दोन पेठांमध्ये रेघ असते म्हणून तर स्टेडियम भरतं, असं तिचं म्हणणं, आणि मंगळवार पेठेच्या मुलीकडून दुसरं काय ऐकायला मिळणार? पण शेवटी तिने नवं पान घेतलं. पंधरा सामने, सहा मैदानं: वानखेडे, गहुंजे, जामठा, मोटेरा, राजकोट, कोटंबी. नागपूरच्या मुलीने जामठ्याला किमान तीन सामने मिळावेत अशी अट घालून सही केली. अंतिम सामना कुठे, यावर एकमत होत नाही, म्हणून तिथे टिंब टिंब ठेवलेत.

भावाला मी त्या पानाचा फोटो पाठवला. त्याने तो आपल्या वहीत उतरवून काढला आणि तारखा घातल्या. बडोदा-महाराष्ट्र सामन्याची जागा तेवढी त्याने कोरी ठेवलीय. बाबांनी कंपनीला अजून काही कळवलेलं नाही.